दगडाबाई आन् मंगोलियावाल्यांची चांदनी

दर सोमवारी सकाळी दगडाबाई जॉर्जदादाची पॅन्ट धुती. जॉर्जदादा मंगोलियात हाय. पॅन्ट हितं तिसगावात, मानूस तितं बर्फात, तीन वर्षं झाली. ह्या तीन वर्षांत ती पॅन्ट कुनी घातली न्हाई. मळली न्हाई. तिच्यावर माशी बसली नसंल. तरी सोमवार आला की दगडाबाई ती कपाटातनं काढती, साबन लावती, दगडावर आपटती, पिळती आन् तारंवर वाळत घालती. संगं हन्नाताईची निळी साडी आन् दोन उशांचे अभ्रे. संध्याकाळी घडी घालून परत कपाटात.

लोकं हसत्यात. हसू द्या. हसनाऱ्यातल्या दोघांना मी मिरी गावच्या रस्त्याला टेम्पोतनं उतरवून दिलं, भर उन्हाचं, जितनं दुसरी गाडी मिळत न्हाई. परत हसले न्हाईत.

मी जया. बाकावर बसवत न्हाई म्हनून नववीतनं शाळा सोडली आन् बापाचा टेम्पो हातात घेतला. दगडाबाई माझी नात्याची कुनी न्हाई. ती बाजारात मिरच्या आन् लसूण विकती, मी तिची पोती वाहती. मला चौदाव्या वर्षी बाप टेम्पोला हात लावू देत नव्हता, तवा ही म्हनली, "पोरीला दे. पाडलाच तर माझ्या मिरच्यांवर पाडंल, मऊ पडंल." त्या दिसापासनं दगडाबाईला कुनी बोललं की मला आवरत न्हाई. एवढं माझं झालं. आता तिचं सांगते.

दगडाबाईचं घर म्हनजे दोन खोल्या, ख्रिस्ती चाळीच्या कुंपनाला लागून, पन कुंपनाच्या भायेर. चाळीत बारा घरं. सात नंबरचं घर जॉर्जदादा आन् हन्नाताईचं, बरोबर दगडाबाईच्या पाठीला. मधल्या भिंतीत कवातरी एक दगड निसटला, तितनं वीस वर्षं कोथिंबीर तिकडं जाती आन् चहा हिकडं येतो.

हन्नाताई नर्स. दगडाबाईला साखर झाली तवा रोज सकाळी, स्वतःचा चहा प्यायच्या आधी, हन्नाताई तिला सुई द्यायला यायची. मंगोलियाला जायचं ठरलं तवा तिनं दगडाबाईला सुई टोचायला शिकवलं, लिंबावर. तीन आठवडे दगडाबाई लिंबं टोचत हुती. ती लिंबं मग तिनं बाजारात विकली.

मिशनरी म्हनलं की लोकांना वाटतं गोरा साहेब, डोक्यावर टोपी, परदेशातनं नगरला आलेला. ते जुनं झालं. आता आमच्या चाळीतला जॉर्ज पाटोळे हितनं तिकडं गेला, डोक्यावर माकडटोपी घालून. तितं तो वसतिगृहातल्या पोरांना सुतारकाम शिकवतो, रविवारी प्रार्थना घेतो. हन्नाताई दवाखान्यात. सव्वातीन वर्षांसाठी गेलेत, येत्या एप्रिलात परत येनार. निघताना हन्नाताईनं दगडाबाईच्या हातात किल्ली दिली आन् म्हनली, "मावशी, घर नुसतं झाकून ठिवू नका. चालतं ठिवा."

आता कुनीबी काय केलं असतं? आठवड्याला झाडू मारला असता. दगडाबाईनं घर चालतं ठिवलं म्हनजे चालतंच ठिवलं. रोज सकाळी सात नंबरची कडी वाजवून ती मोठ्यानं वरडती, "जॉर्ज, ऊठ, नळाला पानी आलंय!" मग आत जाऊन पिंप भरती. दुसऱ्या दिवशी तेच पानी ओतून परत भरती. दुपारी पंखा लावती, पाच मिनटं. अख्ख्या चाळीला ठावकं की आत कुनी न्हाई, चाळीनंच बँड लावून दोघांना नगरला गाडीत बसवलं हुतं. मी म्हनले, "मावशे, फसवतीस कुनाला?"

"फसवायचं कशाला? घराला कळाया नको का आपलं मानूस हाय म्हनून? घर लई लवकर रुसतं. आन् पॅन्ट दिसली तारंवर की घराला बरं वाटतं."

पन घर रुसायच्या आधी आप्पासाहेब रुसले.

आप्पासाहेब म्हनजे चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. शाळेत कारकून हुते, रिटायर झाले, शिक्का मात्र खिशातच ऱ्हायला. मानूस वाईट न्हाई. पन नियम म्हनलं की त्यांना ताप चढल्यावानी होतं. चाळीचा नियम असा की नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागनीला, गानारी मंडळी घरोघरी फिरत्यात, आन् त्यांच्या मागं आप्पासाहेब वही घेऊन. ज्या घरावर चांदनी, म्हनजे आत दिवा असलेला कागदी तारा, लागली ते घर वापरात. सलग तीन नाताळ चांदनी न्हाई लागली तर घर मोकळं समजायचं आन् वाट बघनाऱ्याला द्यायचं. पूर्वी अर्धी चाळ पुण्याला पळाली हुती, कुलपं लावून, आन् हितं लोकांना डोक्यावर छप्पर नव्हतं. तवाचा नियम. खोटा न्हाई. यादीत आजबी चार कुटुंबं हायती.

पहिल्या नाताळाला दगडाबाईला हे ठावकंच नव्हतं. तिनं सातच्या दारात मोठी रांगोळी काढली, पंचवीस ठिपक्यांची. आप्पासाहेबांनी रांगोळी ओलांडली आन् वहीत फुली मारली.

दुसऱ्या नाताळाला मी नगरवरनं लाईटच्या माळा आनल्या, प्लास्टिकची चांदनी आनली, सातचं घर असं उजळलं की पाथर्डीकडनं येनारी येष्टी थांबली, ड्रायव्हरला वाटलं ढाबा हाय. आप्पासाहेबांनी चष्मा वर केला.

"कुनी लावली?"

"मी!"

"तू घरची का?"

"न्हाई, पन..."

"चांदनी घरच्या मानसाच्या हातानं लागली पायजे. नियम चार." आन् दुसरी फुली.

मी तोंड उघडलं. जे भायेर येनार हुतं ते नाताळच्या दिवसात कुनाच्या कानावर पडू नये असं हुतं. दगडाबाईनं माझ्या तोंडावर हात दाबला. तिची बोटं दिसभर मिरच्यांत. माझं तोंड दोन तास जळत हुतं.

म्हनून हा तिसरा नाताळ. फुली पडली तर सात नंबर गेलं. एप्रिलात जॉर्जदादा आन् हन्नाताई सामान घेऊन उतरनार आन् त्यांच्या दारात दुसऱ्याचं कुलूप. दगडाबाईनं महिनाभर आधीच जेवन कमी केलं. मिरच्या तोलताना माप चुकाया लागलं. मला म्हनली, "जये, मला किल्ली दिली तिनं. किल्ली दिल्यावर घर गेलं, तर मी तिला भिंतीतनं तोंड कसं दाखवू?"

मी गेले रविराजकडं. रविराजचं तिसगावात मोबाईलचं दुकान. तो म्हनला, "फोनवरनं चालनारं बटन येतं. मंगोलियात बोट दाबलं की तिसगावात बल्ब लागंल. तितली वायफाय, हितली वायफाय, झालं."

मी ते बटन घेतलं आन् आधी आप्पासाहेबांकडं नेलं. सोडनार न्हाई मी. म्हनले, "हन्नाताईनं तितनं लावली तर धरता का?"

आप्पासाहेबांनी बटन उलटं सुलटं केलं, वास घेतला. दोन दिस इचार केला. तिसऱ्या दिवशी टेम्पो अडवून निकाल दिला, "बोट घरच्याचं हाय. बोट कुठल्या देशात असावं, ह्याचा नियमात उल्लेख न्हाई. चालंल."

मग सुरू झाली सजावट. जॉर्जदादानं व्हिडिओवर सांगितलं तशा दगडाबाईनं बांबूच्या कामट्या तासल्या, पाच टोकांची चांदनी बांधली, चांगली तिच्या कमरंएवढी. पतंगाचा कागद हवा हुता. तो संक्रांतीशिवाय येत न्हाई. दगडाबाईनं घरातनं पोळ्याचं उरलेलं बेगड काढलं, बैलाच्या शिंगांना लावत्यात ते, लाल आन् सोनेरी. खळ लावून चिकटवलं. चांदनी अशी झाली की वाटावं आता हंबरंल.

तिकडं मंगोलियात हन्नाताईबी तिचं घर सजवत हुती. घर म्हनजे गोल तंबू, मधी शेगडी. तितंबी कागद न्हाई. तिनं चहाच्या पुड्यांची पाकिटं जोडून चांदनी केली आन् तंबूच्या दारावर टांगली. गावातल्या लोकांनी असलं कवा बघितलं न्हाई. त्यांना वाटलं दुकान निघालं.

"दोन बाया आल्या, मावशी," हन्नाताई फोनमधनं सांगत हुती, तोंडातनं वाफ. "म्हनल्या, बटाटे कसे दिले?"

"मग?"

"दिले. म्हनलं नाताळ हाय, घ्या."

"फुकट?" दगडाबाईला धक्का. "आगं, गिऱ्हाईक आलं हुतं ना दारात!"

"दुसऱ्या दिवशी आठ बाया आल्या. आता आमच्याकडं बटाटा न्हाई. पन चांदनी बघून जात्यात, शेगडीपाशी बसत्यात. एकीनं मेंढीची तंगडी आनून दिली. तीबी दाराला टांगलीय, चांदनीशेजारी. फ्रीज लागत न्हाई."

जॉर्जदादा मागनं वरडला, "मावशी, पॅन्ट कशी हाय माझी?"

"बरी हाय," दगडाबाई म्हनली. "जरा वाळलीय."

बटनाची परीक्षा झाली. हन्नाताईनं तितनं दाबलं, हितं बल्ब लागला. दगडाबाईनं बल्बला हात जोडले. पन जॉर्जदादाच्या वसतिगृहातल्या पोरांना हा खेळ सापडला. आठ दिस सातचा बल्ब चालू बंद, चालू बंद, भर दुपारी. तिकडं पोरं पैज लावत हुती, हितं शेजारची म्हातारी देवाचं नाव घेत हुती. दगडाबाई मात्र खूश. "बघ, घर डोळं मिचकावतंय."

तरी तिचा भरवसा न्हाई बसला. "लाईट म्हनजे पाव्हना," म्हनली. "येतो म्हनून सांगतो, येतो का?" तिनं जुना काचेचा कंदील काढला आन् चांदनीच्या पोटात, बल्बच्या खाली, बांधून ठिवला. रॉकेल आता बघायलाबी मिळत न्हाई. तेवीसला मी पायी बाजारात गेल्यावर तिनं माझ्या टेम्पोच्या टाकीत नळी घालून, तोंडानं ओढून, हुतं तेवढं, बाटलीभर, डिझेल काढलं. मला कसं कळलं? ती संध्याकाळपर्यंत थुकत हुती.

चोवीस तारीख. दिवस कलला. दगडाबाईनं मगाशीच जादा धुनं काढलं हुतं, सोमवार नसताना, कारन आज घर एकदम चालतं दिसलं पायजे. पॅन्ट, साडी, अभ्रे, सगळं तारंवर. चांदनी दोरीनं बांबूच्या टोकाला चढवायची ठेवली. मी फोन दारातल्या स्टुलावर, पितळी तांब्याला टेकवून उभा केला. फोनमधी तंबू दिसत हुता, चहाच्या पाकिटांची चांदनी, तंगडी, आन् हन्नाताईचं बोट. तयार. तितं रात्र झालेली.

चाळीत बाराही घरांवर चांदन्या लागलेल्या, म्हनजे अकरा. गानारी मंडळी एक नंबरला आली. ढोलकी, टाळ, चार बाया, तीन गडी. मागं आप्पासाहेब, काखेत वही, गळ्यात मफलर. एक नंबरपाशी गानं सुरू झालं. वही उघडली. आन् आप्पासाहेब पेनाचं टोपन काढतात न काढतात तोच लाईट गेली.

अख्ख्या तिसगावची. डीपी उडाली. अकरा चांदन्या फट् करून इझल्या. ढोलकी दोन ठोके जादा वाजली आन् थांबली.

फोनमधनं हन्नाताईचा आवाज, "दाबू का? दाबलं! लागली का?"

"न्हाई ताई."

"परत दाबते. लागली?"

"लाईटच न्हाई गं!"

"मग मी काय दाबतीय मगापासनं?"

रविराजला शिव्या द्यायच्या का वायरमनला, हेबी सुचंना. तेवढ्यात अंधारात काडी ओढल्याचा आवाज आला. दगडाबाईनं कंदील पेटवला, काच खाली केली, दोरी ओढली. चांदनी सरसर वर गेली.

काय सांगू. डिझेलचा कंदील तो, भकाभका धूर. बेगड लाल सोनेरी चमकाया लागलं, आन् एक टोक बघता बघता काळं कुट्ट झालं. पन अख्ख्या तिसगावात तेवढा एकच उजेड हुता. मंडळी खोकत खोकत तिकडंच चालत आली.

आप्पासाहेब सगळ्यात फुढं. उजेडाकडं बघत, वर मान. मधी तार हाय हे त्यांच्या ध्यानात न्हाई. वली पॅन्ट सपकन त्यांच्या तोंडावर बसली. गार पानी मफलरमधी. मानूस दचकला, दोन्ही हातांनी पॅन्ट धरली, ओढली.

टर्रर्र.

दीडशे वेळा धुतलेलं कापड ते. बुडापासनं पायापर्यंत उभी फाटली. आप्पासाहेबांच्या एका हातात एक पाय, दुसऱ्या हातात दुसरा.

"ही कुनाची?" ते म्हनले.

"जॉर्जची," दगडाबाई म्हनली.

"जॉर्ज आलाय?"

"न्हाई."

"मग वली कशी?"

"धुतली."

"कुनी घातल्ती?"

"कुनी न्हाई."

"आन् धुतली?"

"तीन वर्षं झाली धुती. दर सोमवारी."

"न घातलेली?"

"घातलेली तर कुनीबी धुतं, आप्पासाहेब."

कंदील तेवढा धुरत हुता. आप्पासाहेबांनी दोन्ही पाय खांद्यावर टाकले, कारन ठिवनार कुठं, आन् वही उघडली. म्हनले, "चांदनी लागलीय हे खरं. पन घरच्या हातानं न्हाई. नियम चार. मला लिव्हावं लागंल, दगडाबाई."

मग माझं तोंड सुटलं. ह्या येळी मिरचीवाला हात लांब हुता. "लिव्हा!" मी म्हनले. "सातचं लिव्हा मोकळं! मग एकपासनं बारापर्यंत सगळंच लिव्हा! आज चांदनी कुनाची लागलीय? एकाची तरी? तुमच्या स्वतःच्या दारावर अंधार हाय, आप्पासाहेब! लिव्हा की तुमचंबी!"

अंधारातनं त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आवं, आपन कुठं जायचं मग?"

आप्पासाहेबांनी मागं वळून स्वतःच्या घराकडं बघितलं. दिसलंच न्हाई. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून नियम परत वाचला. बोट ठिवून, एकेक अक्षर. मग एकदम हळू म्हनले, "घरचं मानूस म्हनजे कोन, हे हितं लिव्हलेलंच न्हाई."

"घ्या!" फोनमधनं जॉर्जदादा.

"गप रे. इचार करू दे." आप्पासाहेबांनी खांद्यावरचा पाय हातात घेतला, कापड बोटांनी चोळलं. आरपार बोट दिसत हुतं. "माझी पॅन्ट कोन धुतं? माझी बायको. ती घरची का? घरची."

"मी तुमची न घातलेली न्हाई धुनार!" अंधारातनं.

"तेच म्हनतोय! घातलेली धुनारी घरची, तर न घातलेली तीन वर्षं धुनारी परकी कशी आसंल?" त्यांनी पेन काढलं. "नातं काय लिव्हू?"

फोनमधनं हन्नाताई रडवेल्या आवाजात म्हनली, "आय लिव्हा."

"आय नको," दगडाबाईनं लगीच मोडलं. "आयला लोक गावाला धाडून देत्यात. शेजारीन लिव्हा. घरची शेजारीन."

आप्पासाहेबांनी तसंच लिव्हलं. कंदिलाच्या उजेडात मी वाचलं: घर नंबर सात, चांदनी लागली, हस्ते दगडाबाई, घरची शेजारीन. खिशातनं शिक्का काढला, त्याला थुंकी लावली, मारला. बाकीच्या अकरा घरांना, त्यांचं स्वतःचं धरून, उद्या सकाळपर्यंत मुदत दिली. मग मंडळीनं तितंच, धुराखाली, गानं म्हनलं. फोनमधी तंबूतनंबी आवाज येत हुता, पन दोन शब्द मागं, त्यामुळं प्रत्येक कडवं दोनदा संपत हुतं. दगडाबाईनं सगळ्यांना लसणाची चटनी आन् गूळ वाटला. तिच्याकडं तेवढंच हुतं.

माझा टेम्पो दुसऱ्या दिवशी सुरू झाला न्हाई. टाकी कोरडी. मी कॅन घेऊन पंपावर चालत गेले.

सगळे गेल्यावर दगडाबाई फोनपाशी उकिडवी बसली, नाकपुड्या काळ्या, पदरात पॅन्टचे दोन पाय. तिकडं जॉर्जदादा म्हनला, "मावशी, येताना तुमाला काय आनू? लोकरीचं आनू का काय?"

"मला काय नको," दगडाबाई म्हनली. "तू फकस्त येताना पॅन्ट घालून ये, बाबा. हितली संपली."